सांडलेला मध

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. उंचीला वीतभरही नाही. इटलीच्या सीमेजवळ, सोचा नदीच्या खोऱ्यात मी एका मधपेटीचं तोंड होते. माझ्या तळाच्या फटीतून माश्या ये-जा करत. एका फिरत्या चिताऱ्याने माझ्यावर संत ईयोब रंगवला होता. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले, तरी देवाचं नाव न सोडणारा ईयोब म्हणजे आमच्याकडे मधपाळांचा कैवारी.

आमचा मालक प्रिमोझ. सकाळी पेटी उघडण्याआधी तो ईयोबाला टोपी काढून नमस्कार करी. मे महिन्यात देवळात रोज संध्याकाळी धर्मगुरू देवमाता मारियेची कथा गाऊन सांगत. साऱ्या गावाने धरलेलं पालुपद वाऱ्यावर आमच्यापर्यंत येई. प्रिमोझची बायको नेझा तेच गुणगुणत घरी येई. वाटे, देवाने एवढंच जग केलं असतं तरी पुरे होतं!

आमच्याकडे एक रीत होती. घरचा मालक वारला की मालकिणीने प्रत्येक पेटीवर बोटाने ठोकायचं आणि माश्यांना सांगायचं, "मालक गेले. आता आमच्यासाठी राहा." नाही सांगितलं तर माश्या झुरून मरतात, नाहीतर उडून जातात.

एकोणीसशे चौदाचा उन्हाळा आला. दूर साराजेव्होत आमच्या युवराजाला कोणी गोळी घातली म्हणे. मारेकऱ्यामागे सर्बिया आहे म्हणत आमच्या बादशहाने त्याच्याशी युद्ध पुकारलं. त्या दिवसांत रानात फूल नव्हतं, शेतातलं कुट्टूचं पीक फुलायला अजून महिना होता, माश्या भुकेजलेल्या होत्या. प्रिमोझ माझ्या शेजारच्या पेटीतून पोळं कापत होता, तेवढ्यात देवळाच्या घंटा अवेळी वाजल्या. फौजेत हजर व्हा!

कुंपणापाशी गिरणीवाला येर्नेय ओरडला, "ए प्रिमोझ, तो चाकू ठेव खाली! सरकार तोफ देतंय तुला!"

प्रिमोझ हसला. हातातलं पोळं फळकुटावर निसटलं, मध सांडला. पुसायला त्याला सवड नव्हती.

"कुट्टू फुलायच्या आत परत येतो, बाबा. सर्बियाला एक चापट मारायची, झालं."

त्याचा बाप ओझबोल्त म्हणाला, "चापट खाणाऱ्याला भाऊबंद नसतात, असं कोण म्हणालं तुला?"

नेझाने भाकरी बांधून दिली.  मग तिने त्याच्या कॉलरवरची माशी उचलून सोडून दिली.

दुपारी अनर्थ झाला. सांडलेल्या मधावर एका पेटीच्या माश्या आल्या. मध संपला, पण चटक लागली. त्या शेजारच्या पेटीत घुसल्या. तिच्या पहारेकरी माश्या उलटल्या. ते पाहून तिसरीच्या आल्या, चौथीच्या आल्या. संध्याकाळपर्यंत कोण कोणाला का डसतंय, हे एकाही माशीला ठाऊक नव्हतं. ओझबोल्त ओल्या गवताने फटी बुजवत पळत होता.

"बघ पोरी," तो धापा टाकत नेझाला म्हणाला, "एवढासा मध होता गं!"

जगातही तेच चाललं होतं, मित्रांनो. सर्बियासाठी रशिया उठला. रशियावर जर्मनी धावला, मग फ्रान्सवर, वाटेतलं बेल्जियम तुडवत. बेल्जियमसाठी इंग्लंड आलं. मग तुर्कस्तान आलं, पार समुद्रापलीकडचं जपानही आलं. त्यांच्या फटी बुजवायला कोणाकडे ओलं गवत नव्हतं.

कुट्टू फुलला, झडला. हिवाळ्यात येर्नेय आघाडीवरून परतला, एक हात गमावून.

"रशियाच्या सीमेवर, गालिसियातल्या एका नदीकाठी होतो," तो म्हणाला. "धूर निघाला आणि प्रिमोझ दिसेनासा झाला. मेलेला मी पाहिला नाही, वहिनी. जिवंतही नाही पाहिला."

"मग माश्यांना सांग, पोरी," ओझबोल्त म्हणाला. "वसंतात एकही उरणार नाही."

"मी ठोकणार नाही."

"तुझ्या हट्टापायी पेट्या मरतील."

"मी ठोकलं तर तो मरेल, बाबा!"

 वसंतात आमच्या तीन पेट्या रिकाम्या निघाल्या. ओझबोल्तने त्या झाडून पुन्हा जागेवर ठेवल्या.

डोंगरापलीकडे इटली. येर्नेय म्हणे, "इटली आपल्याच बाजूची आहे हो."

"शेजारची पेटीही आपलीच असते," ओझबोल्त म्हणाला, "लूट सुरू होईपर्यंत."

मे महिन्यात देवळात मारियेची कथा चालू असताना इटलीने युद्ध पुकारलं. कथा अर्धीच राहिली. आमचेच शिपाई घराघरांत ओरडत फिरले, "निघा! जेवढं उचलता येईल तेवढंच घ्या!" पेट्या नेता येणार नव्हत्या.

बैलगाडी जुंपलेली होती. नेझा आमच्याकडे आली. माझ्या फटीला कान लावून उभी राहिली. आतून गुणगुण येत होती. तिचा श्वास माझ्या लाकडाला लागत होता. मग तिने ईयोबाच्या पायाशी ठोकलं.

"मालक गेले," ती म्हणाली. "तुम्ही तरी राहा."

ती प्रत्येक पेटीपाशी गेली. रिकाम्या तिन्हींवरही ठोकलं. ओझबोल्त गाडीत तोंड फिरवून बसला होता. माश्या जगाव्यात म्हणून त्या बाईने आपली सगळी आशा आमच्यापाशी उतरवून ठेवली आणि ती निघून गेली. ती पुन्हा कधी आली नाही.

आठवडाभरात भुकेले शिपाई आले. मधासाठी पेट्या फोडल्या, माश्या धुराने मारल्या, लाकडं जाळली. तिचं ठोकणं वाया गेलं.

मला मात्र जाळलं नाही. एका शिपायाने माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं, "अनोळखी सैनिक," आणि मला एका ताज्या मातीच्या ढिगावर रोवलं. ईयोबाचा रंग पावसाने धुऊन गेला. अक्षरंही पुसट झाली. ढिगाखाली कोण आहे, कोणत्या देशाचा आहे, मला ठाऊक नाही. त्याच्याही घरी कोणी बाई ठोकू की नको म्हणून हात उचलून उभी असेल. तिला कळवायला मला तोंड नाही.

मित्रांनो, तुमच्या हातून मध सांडला तर घंटा वाजत असल्या तरी आधी तो पुसा. मी हे इथून कितीदा सांगितलं. पण रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक पलटणीला घाई असते, आणि कुट्टू फुलायच्या आत परत येतो असं प्रत्येक जण म्हणतो.