टक्कल पडलेला सिंह

मावशीच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करायला लागली, तेव्हा घरात सगळ्यात आधी काकांची शिंक बंद झाली.

काकांची शिंक साधीसुधी नाही. ती आली की फळीवरच्या डब्यांची झाकणं वाजतात. दुरुस्तीवाला एवढंच म्हणाला होता की लॅपटॉपला हादरा बसू देऊ नका. मावशीने त्याचा अर्थ असा काढला की नाकात हुळहुळलं की काकांनी चपला घालून रस्त्यावर जायचं. काका निमूट जात. समोरचा सलूनवाला त्यांना येताना बघून आशेने उठायचा, आणि डोक्याकडे लक्ष गेलं की परत बसायचा.

मावशी मशीनवर भरतकाम करून देते. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे टॉवेल, खेळाडूंचे शर्ट. चित्र आधी कागदावर काढायचं, मग लॅपटॉपवर टाक्याटाक्याने बसवायचं, की मशीन रंगामागून रंग भरत जातं. कागद मग भाजीच्या साली गुंडाळायला. त्यामुळे मावशीची आजवरची सगळी कमाई त्या एका टकटकणाऱ्या डबीत होती.

रोज सकाळी पडद्यावर सूचना यायची: डिस्क जाण्याच्या बेतात आहे, नक्कल करून ठेवा, पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा. मावशी बटण दाबायची आणि पुढे जायची.

"मावशी, बदलून टाकू या की," मी म्हणालो.

"आणि आतलं?"

"ते नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं."

"दुरुस्तीवालाच म्हणाला ना, उतरवताना हिला भरभर पळावं लागेल, पळता पळता जाऊही शकते? मरायला टेकलेल्याला कुणी शर्यतीत उतरवतं का रे?"

"पण तशीही मरणारच आहे."

"ते आपण सगळेच. काम कर."

मी काम करायला लागलो. माझं काम सुटे धागे कापणं. शिक्षण झाल्यावर मी कुठे लागेन याची घरात सगळ्यांना काळजी होती. मी धाग्याला लागलो.

त्या आठवड्यात एका फुटबॉल संघाचे शर्ट आले होते. छातीवर डरकाळी फोडणारा सिंह, शनिवारी सामना. मावशीने तो सिंह पूर्वीच बसवलेला होता. पहिला शर्ट मशीनवर चढवला. डिस्क टकटकली, जरा थांबली, पुन्हा टकटकली. मशीनने पिवळं अंग भरलं. मग आयाळीचा तपकिरी रंग यायचा, तो आलाच नाही. मशीन सरळ काळ्यावर गेलं, डोळे आणि दात भरून मोकळं झालं.

आम्ही तिघं त्या सिंहाकडे बघत उभे राहिलो. आयाळ नाही म्हटल्यावर तो कर्ज नाकारलेल्या गृहस्थासारखा ओरडत होता.

"टक्कल पडलं याला," मी म्हणालो.

"मग त्यात वाईट काय आहे?" काकांनी विचारलं.

"अहो, तुम्ही थांबा जरा." मावशीने शर्ट उजेडात धरला. मग मशीनचा खटका बंद केला. "मेली असती तर रडले असते आणि नव्याने काढलं असतं. पण ही मरत नाहीये, खोटं बोलतेय. उद्या माझ्या नावावर काय काय टकलं करून बाहेर पाठवेल! ऊठ. बदलायची."

"उतरवताना गेली तर?"

"तर गेली. मी आहे ना? पहिल्यांदा काढलं ते काय डिस्कने काढलं होतं?"

लॅपटॉप उशीवर ठेवून आम्ही दुकानात नेला. उशी मी धरली होती, मावशी पुढे चालून लोकांना बाजूला करत होती. काका वीस पावलं मागे, नाकाला रुमाल.

दुरुस्तीवाल्याने दिवसभर डिस्कला चुचकारलं. संध्याकाळी म्हणाला, "ताई, जवळपास सगळं आलं. सिंहाची फाइल मात्र नाही निघाली."

"नसू दे," मावशी म्हणाली. "नवीन बसवा. आणि एक जादा द्या, दुसरीकडे नक्कल ठेवायला."

घरी येऊन तिने टकल्या शर्टावरून सिंह पुन्हा कागदावर उतरवला. अंग झालं, डोळे झाले, दात झाले. आयाळीला हात अडला. तिने काकांकडे बघितलं, सुस्कारा सोडला, मग माझ्याकडे वळली.

"खिडकीशी बस. केस विंचरू नकोस."

"मी कधी विंचरतो?"

"म्हणूनच. आता डरकाळी फोड. आवाज नको, नुसतं तोंड."

मी तोंड उघडून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा घरात कुणाला तरी माझा उपयोग होत होता, म्हणून डासालासुद्धा हाकललं नाही.

टाके बसवून झाले, दोन्हीकडे जपून ठेवले. मावशीने दुसरा शर्ट मशीनवर चढवला, मशीन सुरू केलं आणि काकांना हाक मारली. काका आले, टकला सिंह आता त्यांच्याच छातीवर होता.

"शिंका."

"इथे? आत?"

"नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाही, असं दुरुस्तीवाला म्हणतो. मला बघायचंय."

"अगं, अशी सांगून येते का!"

मावशीने मिरपुडीची डबी पुढे केली. फळीवरची झाकणं वाजली, माझ्या हातातली कात्री पडली. मशीन जराही थांबलं नाही. पिवळं संपवलं आणि तपकिरी रंग भरायला लागलं.