ढिगाऱ्याला लावलेला माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. टीव्हीवर बातमी सांगणाऱ्यांच्या हातात, गळ्यात रंगीत चौकोनी डबी अडकवलेला जो दिसतो ना, तोच मी. लोकांना वाटतं, मी बोलतो. साफ चूक! बोलतात ती माणसं. मी फक्त ऐकतो, आणि मला कान मिटून घेता येत नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका कामगार बाईंनी माझ्या पोटात कागदाहून पातळ पडदा बसवला, वरून जाळीचं टोपण घट्ट केलं आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणून मला तपासलं. वाहिनीच्या कचेरीत आलो तेव्हा माझा रुबाब काय विचारता! माझ्यापुढे भलेभले घसा साफ करत, केसांवरून हात फिरवत. वारा असो की गर्दी, माझा आवाज कधी फाटला नाही. कॅमेरावाले काका म्हणायचे, “हा गडी कामाचा आहे.” ते ऐकून मी मनातल्या मनात फुलून जायचो.

ज्या बातमीदार बाईंच्या हातात मी असे, त्यांना कचेरीत सगळे ‘तुफान’ म्हणत. त्या वाईट नव्हत्या बरं का. पण त्यांच्या कानात खोचलेल्या यंत्रातून कचेरीतले साहेब सारखे ओरडत असायचे. तो आवाज मलाही निसटता ऐकू येई. साहेब ओरडले की बाईंच्या तळहाताला घाम फुटे आणि मी ओला होई.

एके दिवशी दुपारी एक इमारत कोसळली. आम्ही पोहोचलो तेव्हा धूळ अजून हवेतच होती. साहेबांचं पहिलं वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. “आई शोधा. रडणारी पाहिजे.”

आई सापडली, पण ती रडत नव्हती. शिवणकाम करणारी ती बाई ढिगाऱ्याजवळ उकिडवी बसली होती. तिच्या गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती. तिची लहानगी मुलगी जिन्याखाली अडकली होती. मघाशी तिने आतून काहीतरी ठोकल्याचा आवाज आला होता, असं शेजारी सांगत होते. त्यानंतर काहीच नाही. त्यातच वरची भिंत कलायला लागली होती. ती पाडायची तर मोठं यंत्र आणावं लागणार, आणि यंत्र लागलं की खालचं सगळं दबणार. म्हणून सुटका करणाऱ्या तुकडीच्या प्रमुखांनी सांगितलं, “एकदा नीट ऐकू. आवाज आला तर हाताने उकरू. नाही आला, तर माझा नाइलाज आहे.”

त्यांची एक रीत होती. प्रमुख शिट्टी वाजवत. मग इंजिनं बंद, फोन बंद, जो तो जागच्या जागी उभा. माणसं पाइपांना आणि भेगांना कान लावत.

शिट्टी वाजली. मी इतकी शांतता आयुष्यात कधी ऐकली नव्हती. मला धडकी भरली. तेवढ्यात बाईंच्या कानातल्या यंत्रातून साहेब दबक्या आवाजात म्हणाले, “थेट प्रक्षेपण चालू आहे. विचारा तिला!” आता गंमत बघा. टीव्हीवाल्यांना वाटतं, हळू बोललं की ते बोलणं नसतंच. बाईंनी मला त्या आईच्या ओठांशी नेलं आणि कुजबुजल्या, “ताई, या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?”

“कोण बोलतंय तिकडे?” प्रमुख गरजले. “तोंड मिटा! आता पुन्हा ऐकायला लागणार. भिंत बघताय ना?”

भिंतीतून मातीचे खडे सुटत होते. मी भीतीने गारठलो. माझ्या पोटातला पडदा थरथरत होता.

पुन्हा शिट्टी झाली. कानातल्या यंत्रातून पुन्हा हुकूम आला, बाई पुन्हा वाकल्या. या वेळी त्या आईने मला त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. तिच्या मुठीत काय जोर होता! तिने मला एका वाकड्या पाइपाला टेकवलं आणि ओठ हलतील न हलतील असं म्हणाली, “मला नको. तिला विचार.”

मग मी ऐकलं. माती सरकत होती. कुठेतरी पाणी गळत होतं. त्याच्याही खाली, खूप खोल, टक... टक. माझ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काकांच्या कानावर हेडफोन होते. त्यांनी कॅमेरा सोडला आणि दोन्ही हात वर केले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मोठं यंत्र आणलं नाही. माणसांनी हातांनी उकरलं, कलत्या भिंतीला टेकू देत देत. मुलगी जिवंत निघाली. मला वाटलं, चला, संपली भीती.

पण खरी भीती पुढे होती. मुलीला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं आणि सगळ्या वाहिन्यांचे माईक एकदम तिच्या तोंडाशी घुसले. मीही त्यांत होतो, बाईंच्या घामेजल्या हातात. “आत काय दिसलं?” “खूप घाबरलीस का?” “एकदा रडून दाखव ना बाळा, इकडे बघ!” एवढ्या अंधारातून आलेलं ते पोर आमच्या काळ्या तोंडांकडे बघून अंग चोरायला लागलं. तिने आईचा हात धरला आणि विचारलं,

“आई, मी काही केलं का गं?”

आई म्हणाली, “नाही गं राणी, तू काही नाही केलंस.” मी तिच्या अगदी जवळ होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. मुलीला ते ऐकूच गेलं नाही, एवढा आमच्या लोकांचा गलका होता. पुन्हा तोच प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि रुग्णवाहिकेचं दार लागलं.

त्या दिवशी बातम्यांमध्ये काय दाखवलं, माहीत आहे? मला हिसकावणारी आई. लाल वर्तुळ, धडाडधूम संगीत, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आईचा संताप’. टकटक आवाज फारच बारीक होता म्हणे, म्हणून तो कापला.

आता मी एका खणात पडून आहे. माझी जाळी चेपली आहे, शेजारी तारांचा गुंता आहे, आणि माझी चौकशी कोणी करत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला तुमच्याकडून काही हवं असेल तर ते माझ्यासाठी नको. उद्या तुमच्यातलं कोणी माझ्यासारखा माईक हातात धरेल. समोर दुखावलेलं माणूस असेल तर आधी गप्प राहा. त्याला पाणी मिळालं का बघा. आणि आज घरच्या टीव्हीवर कोणी अशा माणसाला ‘काय वाटतंय’ असं विचारताना दिसलं, तर सरळ उठून तो बंद करा.

मला मात्र अजून भीती वाटते. ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिला ते उत्तर पुढे कधी मिळालं की नाही, हे मला माहीत नाही.