चालत आलेली गाडी

डॉक्टर मुकुंदरावांची गाडी अकरा वर्षांपूर्वी लिंगाप्पाच्या गॅरेजात चालत आली होती, ही गोष्ट संतपुरात कुणी बोलून दाखवत नसे. गाव सभ्य होतं, आणि ट्रॅक्टर सगळ्यांचेच बिघडत होते.

गाडी लाल, दोनच माणसांची, उघड्या टपाची, विलायती. हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराकडून डॉक्टरांनी तरुणपणी घेतलेली. जरा धूर मारते, एवढीच तक्रार होती. लिंगाप्पानं इंजिनचं हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, सगळं जागच्या जागी बसवलं. त्या दिवसापासून गाडी किल्ली फिरवली की सुरू व्हायची, दोनदा खोकायची आणि बसायची. तालुक्यातले निम्मे खोकले डॉक्टरांनी बरे केले होते. हा त्यांनाही उमगला नाही.

गाडी ढकलत घरी नेली. अमावस्येला गॅरेज बंद असे, म्हणून दर अमावस्येला लिंगाप्पा डॉक्टरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर. कार्बोरेटर धुतला, कॉइल बदलली, टाकी खरवडली, लिंबू उतरवलं. सायलेन्सरच्या पायपाला मात्र कधी हात लावला नाही. तो त्यानं स्वतः कसला होता, आणि स्वतःच्या कामावर त्याचा विश्वास होता. "एकदा जनवाड्यापर्यंत फिरवून आणतो डॉक्टरसाब, माझा शब्द हाय," असं तो दर खेपेला सांगायचा. डॉक्टर स्टीअरिंगवर हात ठेवून मान हलवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मग शब्द त्यांच्या पत्नीकडे, शारदाबाईंकडे वळता झाला.

आता मुलानं, विजयेंद्रनं, गाडी बेंगळुरूहून फोनवरच विकली. घेणारे उदगीरचे अंकुशराव. त्यांचा धंदा वरातीचा. त्यांना गाडी हवी होती, इंजिन आणि गिअरबॉक्स नको होते. त्या जागी अँप्लिफायर आणि बॅटऱ्या बसणार होत्या. गाडी ढकलायला माणसं होतीच.

उतरवायचं काम साहजिकच लिंगाप्पाकडे आलं. गाडी त्याच्याइतकी कुणाच्या ओळखीची होती?

सकाळी अंकुशरावांच्या देखत बोअरची मोटर उपसायची तिवई त्यानं गाडीवर उभी केली, चेन कप्पी अडकवली. बॉनेट काढलं, पाणी सोडलं, रेडिएटर उतरवला. मग खाली आडवं होऊन सायलेन्सरचा पाइप सोडवला. पाइप सुटला, आणि आत, ऐन धुराच्या वाटेत, काहीतरी जांभळं दिसलं.

त्यानं दोन बोटं घालून ओढलं. हातभर चिंधी निघाली, एका टोकाला काळवंडलेली.

इंजिन उघडं ठेवू नये, धूळ जाते, उंदीर जातो. प्रत्येक तोंडात चिंधी कोंबावी, हा लिंगाप्पाचा नियम होता. नियम सगळा तालुका पाळत होता. चिंध्या परत काढायच्या असतात, हेही त्यात होतं. ही चिंधी शारदाबाईंच्या जुन्या जांभळ्या पातळाची. गाडी पुसायला त्यांनीच दिलेली.

तो गाडीखालीच पडून राहिला. वरून अंकुशराव म्हणाले, "अप्पा, झोप लागली का?"

लिंगाप्पा बाहेर आला. मूठ झाकलेली. "अंकुशराव, अर्धा तास द्या. गाडी चालू करून दावतो."

"चालू करून काय करायलाव?"

"चालती गाडी न्या की मग. इंजान कामून काढता?"

"चालती गाडी पुढं पळती, अप्पा, अन् नाचणारे राहत्यात मागं. नवरदेव एकटाच मारुतीच्या देवळात पोचला तर काय करायचं? मारुतीला तर पोरी दाखवायची बी सोय न्हाई."

"नुसता अर्धा तास."

"अकरा वर्षं दिली की डॉक्टरच्या घरानं," अंकुशराव म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते हिशेबी माणूस होते, इतकंच.

लिंगाप्पानं चिंधी खिशात घातली आणि इंजिनच्या फाउंडेशनचे बोल्ट सोडायला घेतले. गिअरचा दांडा काढला, मागचा शाफ्ट सोडवला. कप्पीची साखळी ओढली तसं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच, शेपटीकडून कलत, ऑइल गाळत बाहेर आले. ओझं गेलं, पुढच्या स्प्रिंगा सैलावल्या आणि गाडीचं नाक वीतभर वर उचललं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती निघायच्या तयारीत दिसली.

तेवढ्यात शारदाबाई चहा घेऊन आल्या. अधांतरी लोंबणाऱ्या इंजिनकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढंच होतं होय रे आत? मला वाटायचं, पुष्कळ काही असेल."

"एवढंच, आक्का."

"हे शेवटपर्यंत सांगायचे, लिंगाप्पाला घाई करू नका. वेळ लागेल, पण दोष तोच काढील." त्यांनी कप पुढे केला. "मग, सापडलं का काही?"

लिंगाप्पानं इंजिनकडे पाहिलं. ते अजून जरासं झुलत होतं.

"न्हाई, आक्का. विलायती माल. आपल्याला काय कळतंय त्यातलं."

"जाऊ दे. तू काही कसर ठेवली नाहीस," शारदाबाई म्हणाल्या. "हात पूस आधी, ऑइलनं भरलेत. चिंधी देऊ का?"

"हाय माझ्याकडं," लिंगाप्पा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात सदऱ्याला पुसले.