ताईचं देज

थोरली नणंद दुपारी एकटीच आली, तेव्हा सून शर्टांना इस्त्री करत होती. पुढे इस्त्रीचं दुकान, मागे दोन खोल्या, असं ते घर. "दे इकडे, तू बस जरा," म्हणत नणंदेनं पिशवी कोपऱ्यात टाकली आणि दुसरी इस्त्री डाव्या हातानं उचलली. ताई काही डावखुरी नव्हती. सुनेनं तिच्या उजव्या हाताची बाही वर सारली आणि लगेच खाली ओढली.

संध्याकाळी जावयाचा निरोप आला. बायको नांदणार नसेल तर देज परत करा. मुलगी नेताना मुलाकडच्यांनी तिच्या बापाला जी रक्कम द्यायची, तिला त्यांच्यात देज म्हणत.

"परत कुठून करू?" सासरे कडाडले. "मी काय ते उशाशी घेऊन झोपलोय? हिच्याच बापाच्या पदरात घातलं की!" आणि त्यांनी सुनेकडे बोट केलं.

खरंच होतं ते. ताई सासरी गेली आणि तिच्या देजातूनच ही सून घरात आली. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, म्हणून लग्नात सगळे हसले होते. सूनही हसली होती. आज तिनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"दिल्या घरी राहावं पोरीनं," सासरे म्हणाले. "भांड्याला भांडं लागायचंच."

"भांडं नाही बाबा, काठी लागलीये," सून म्हणाली. तिचा नवरा मान खाली घालून जेवत राहिला.

पुढच्या आठवड्यात धाकट्या नणंदेसाठी स्थळ आलं. वीटभट्टीचा मालक, बायको वारलेली, वय जवळजवळ सासऱ्यांच्या बरोबरीचं. देज मात्र घसघशीत. त्यातून जावयाचं तोंड बंद होणार होतं. धाकटी शिवणाच्या क्लासहून आली, ऐकलं आणि हसत सुटली. तिला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. कुणीच हसेना, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

सकाळी ताई पिशवी भरायला लागली.

"मी जाते परत, वहिनी. माझं झालं ते झालं. तिला नको त्यात."

सुनेनं पिशवी हिसकावून घेतली आणि तशीच दुकानात गेली. गिऱ्हाईक उभं होतं, तरी थांबली नाही.

"बाबा, देजच हवंय ना? मग मला माहेरी धाडा आणि माझ्या बापाकडून मागून घ्या."

"वेड लागलं का तुला? तुझा बाप देणार आहे?"

"कुठून देईल? त्यानं त्यातून माझ्या भावाला बायको आणली. मग तिलाही धाडा तिच्या बापाकडे. कुठे थांबायचं ते तुम्हीच सांगा."

गिऱ्हाईक कपडे न घेताच सटकलं. सासऱ्यांनी इस्त्री आपटली. "तोंड आवर आधी!"

"ती बरोबर बोलतेय," दारातून नवरा म्हणाला. "ताईच्या जिवावर लग्न झालं ते माझं. मी फेडतो. पण धाकटीला मध्ये आणू नका."

दोनच दिवसांत तो जावयाला जाऊन भेटला. हप्त्यांवर कबूल झाला जावई, पण शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत सोडचिठ्ठी नाही म्हणाला. भट्टीवाल्याला नकार गेला, तसं सासऱ्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगत. नवरा दुकान सांभाळून बाजारात हमालीला जाऊ लागला. ताईचा हात बरा झाला, पण मनगट नीट वळेना ते वळेनाच.

वर्ष उलटलं. निम्मंही फिटलं नव्हतं, आणि सुनेला दिवस गेले. शेजारीण कपडे द्यायला आली, तिनं सुनेच्या पोटाकडे पाहून डोळे मिचकावले.

"मुलगीच होऊ दे बाई. सगळं देणं एका फटक्यात फिटेल!"

सुनेनं तिचे कपडे गोळा केले, तसेच चुरगळलेले तिच्या हातात कोंबले आणि म्हणाली, "दुसरीकडे टाका."