फुंकर आणि अग्निबाण

मी एक जुना वायुवेगमापक आहे. धातूच्या तीन वाट्या, एक उभा आस आणि त्या आसाला धरून ठेवणारी छर्ऱ्यांची बेअरिंग, एवढाच माझा देह. वारा वाट्यांना ढकलतो, आस फिरतो आणि किती फेऱ्या झाल्या त्यावरून माणसे वाऱ्याचा वेग ठरवतात. मित्रांनो, यात चमत्कार काहीही नाही. म्हणूनच माझ्या शब्दाला किंमत आहे.

माझा जन्म पुण्याच्या कर्वेनगरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत झाला. वाट्या तिथल्याच लेथवर घडल्या. फेऱ्या मोजणारा भाग बुधवार पेठेतून आणला. मग मला वातबोगद्यात ठेवून माझी परीक्षा घेण्यात आली. किती वाऱ्याला मी किती फिरतो, हे नीट ठरल्यावर मला गच्चीवरच्या खांबावर बसवले. तिथे मी बरीच वर्षे काढली. एकदा एका पाहुण्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख पद्मजा मॅडमना विचारले, "या वाट्या कसल्या हो?"

"श्रीखंडाच्या," मॅडम म्हणाल्या. "धुऊन वाळत घातल्यात."

याच पद्मजा मॅडमनी पुढे मला एका मोठ्या कामावर नेले. पृथ्वीपासून शंभर किलोमीटर उंचीवर वारे कसे वाहतात, हे त्यांना मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी एक संशोधन अग्निबाण मिळवला होता. असा बाण पृथ्वीभोवती फिरत नाही. तो सरळ वर जातो, काही मिनिटांत आपले काम उरकतो आणि समुद्रात पडतो. वर जाताना त्याने सोडियमची वाफ सोडायची, खाली अंधारलेले असले तरी वर पोचणाऱ्या उन्हाने ती उजळायची आणि वाकडी होत जाणाऱ्या त्या रेघेवरून वरचा वारा मोजायचा, असा तो बेत होता.

पण या बाणाला सुकाणू नसते. उडताच जमिनीलगतचा वारा जोराचा लागला, तर तो वाऱ्याकडे तोंड फिरवतो आणि भलतीकडे जाऊन पडतो. म्हणून वाऱ्याला मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा पाळली जाते आहे की नाही, हे सांगणे माझे काम. वरचा वारा मोजायला निघालेला बाण खालच्या वाऱ्याच्या परवानगीवाचून हलू शकत नव्हता.

निघण्यापूर्वी खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. प्रयोगशाळेचे मेकॅनिक उत्तरेश्वर यांनी लेथपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळे मांडले, आणि मलाही झेंडूच्या माळेत बसवले.

"मॅडम, ह्याला तुमच्या हातानं लावा. मोठ्या कामाला निघालाय."

"लावते. पण यानं वारा पडेल, अशी आशा ठेवू नका," असे म्हणत मॅडमनी चिमूटभर हळदकुंकू माझ्या आसाच्या टोकाला लावले. त्यातले थोडे खाली, बेअरिंगमध्ये उतरले. ते कोणी पाहिले नाही.

दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा दिवाळी तोंडावर होती. अमावास्येच्या आसपासच्या संध्याकाळीच हा प्रयोग शक्य होता. चांदणे असले की कॅमेऱ्यांना रेघ नीट टिपता येत नाही. तो पंधरवडा संपला की प्रक्षेपणतळ दुसऱ्या गटाला जाणार होता आणि आमची पाळी पुढच्या वर्षी येणार होती. मॅडम त्याआधी, मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. स्वतःच्या हाताने हा बाण सोडण्याची त्यांची ही एकच संधी होती.

आणि हवामान जुमानत नव्हते. कधी ढग, कधी सरी. आकाश निवळले की वारा उठे. रोज दुपारी सगळी तयारी करायची आणि रोज अंधार पडल्यावर ती मोडायची. घरून आणलेला फराळसुद्धा संपला.

"मॅडम, चिवडा संपला. आता तरी उडवा," उत्तरेश्वर म्हणाले.

"चिवडा संपल्यानं वारा पडत असता, तर मी आल्या दिवशीच डबा रिकामा केला असता," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या तयारीला लागल्या.

अखेर एका संध्याकाळी आकाश स्वच्छ झाले. खांबावर माझ्या शेजारी एक नवे यंत्रही होते, हलणारा एकही भाग नसलेले, ध्वनीवर चालणारे. ते मर्यादेपेक्षा जास्त वारा दाखवत होते. मी मर्यादेच्या आत होतो. वाऱ्याची नोंद पाहणारा तरुण संशोधक विश्वजीत उत्साहाने म्हणाला, "मॅडम, नव्यावर मीठ साचलं असेल. जुना आपल्या घरचा आहे, त्यानं कधी दगा दिलेला नाही. सोडू या!"

"विश्वजीत, जुना जास्त दाखवत असता आणि नवा कमी, तर तू आत्ता काय म्हणाला असतास?"

त्याने दोन्ही आकडे पुन्हा पाहिले.

"म्हणाला असतास, जुना आता म्हातारा झाला."

"पण मॅडम, तुमची ही शेवटची..."

"मे महिना कधी येतो, हे मला ठाऊक आहे. उलटी मोजणी थांबवा. खांब खाली घ्या."

खांब आडवा झाला. मॅडम माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी माझ्या वाटीत हलकी फुंकर मारली. मित्रांनो, निरोगी वायुवेगमापक एवढ्या फुंकरीने गरकन फिरतो. मी हललो नाही.

उत्तरेश्वरांनी मला उघडले. समुद्राच्या दमट हवेने आत लाल-पिवळा लगदा झाला होता. त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे तर खंडेनवमीचं कुंकू हाय."

"हो. आणि लावणारं बोट माझं," मॅडम म्हणाल्या. "स्पिरिट आणा."

मला साफ करून पुन्हा बसवले तेव्हा मी आणि ते नवे यंत्र एकच आकडा दाखवू लागलो. तो मर्यादेच्या बराच वर होता. बाणासाठी मोकळ्या ठेवलेल्या समुद्रापलीकडे मासेमारीच्या होड्या होत्या. बाण त्यांच्यावर पडलाच असता, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला माझ्यापाशी पुरावा नाही. पण पडला नसता, असेही कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते.

उरलेल्या संध्याकाळी पावसाने खाल्ल्या. बाण न सोडताच आम्ही पुण्याला परतलो. मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. मी पेटीत बंद होतो.

पुढच्या खंडेनवमीला त्या पाहुण्या म्हणून आल्या. उत्तरेश्वरांनी या वेळी हळदकुंकू पेटीच्या झाकणाला लावले होते. "देव पेटीवरनंबी पावतो, मॅडम."

"देवाचं तुम्ही बघा. पेटी घट्ट लागते ना, एवढं मी बघते," म्हणत त्यांनी कडी ओढून पाहिली.

त्यानंतर आम्ही पुन्हा त्याच किनाऱ्यावर गेलो, पुन्हा ढग मोजले, पुन्हा संध्याकाळी गमावल्या. मग एक संध्याकाळ मोकळी मिळाली. विश्वजीतने माझ्या खांबाखाली उभे राहून फोन लावला. पलीकडून कोथरूडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"मॅडम, वारा मर्यादेत आहे."

"कोण म्हणतं?"

"दोघंही."

"फुंकर मारून पाहिलीस?"

"दुपारीच. गरकन फिरला."

"मग मला काय विचारतोस? सोड."

बाण गेला. थोड्या वेळाने काळोख्या आकाशात उंच एक सोनेरी रेघ उमटली. विश्वजीतने फोन ठेवला नव्हता. तो ओरडला, "मॅडम, दिसतेय! वाकडी होतेय!"

"होऊ दे," मॅडम म्हणाल्या. "वाकडी व्हावी म्हणूनच तर सोडली."

मित्रांनो, आता माझ्या वाट्यांना पोचे पडले आहेत आणि लवकरच मला खांबावरून उतरवतील. माझी एवढीच विनंती आहे. आम्हां यंत्रांना पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. हौस असेल तर माळही घाला. पण आम्ही जेव्हा नेमके तुम्हांला हवे तेच सांगू, तेव्हा खांब खाली घ्या आणि आधी एक फुंकर मारून पाहा.