दोन कोरे कागद

दिनांक ९ जानेवारी २००३, गुरुवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. स्थळ, नाशिक शहरातील एका विज्ञान महाविद्यालयाचे आवक-जावक कार्यालय. वनस्पतिशास्त्र विभागाचा परिचर बहिरू सखाराम गावित हा विभागप्रमुखांनी दिलेले एक टंकलिखित इंग्रजी पत्र हातात धरून खिडकीपाशी उभा होता, आणि सहीच्या शेजारी असलेली शिसपेन्सिलीची बारीक फुली पाहून ते पत्र पुढे करायला त्याचा हात धजत नव्हता. ती फुली त्याच्याच हातची होती.

"आणा की इकडं, मामा," जावक लिपिक संतोष म्हणाला. "बाराच्या आत फॅक्स गेला पाहिजे. सरांचा दोनदा फोन येऊन गेला."

"आधी काय लिवलंय ते सांग."

"तुम्हाला काय करायचंय? पोस्टमननं पाकिटं फोडायची नसतात."

"सांग, संतोष."

संतोषने पत्र ओढून घेतले आणि चष्मा वर सरकवला. "मला कावीळ झाली असल्यामुळे बंगळूरच्या परिषदेला येता येणार नाही. माझ्याऐवजी सहसंशोधक म्हणून स्नेहल हिला प्रवास अनुदान द्यावं, माझी हरकत नाही. खाली सही, मीना काळू थविल." त्याने पत्र उलटेसुलटे केले. "अरेरे. पण कावीळ उतरवणारा तुमच्या डोंगरात गल्लोगल्ली असेल की, मामा."

बहिरू हसला नाही. कावीळ झालेली ती मुलगी त्याने तासाभरापूर्वीच गच्चीवर पाहिली होती. ओढणी कमरेला खोचून ती रानकंदाचे काप उन्हात पसरत होती. त्याने संतोषच्या हातातून पत्र काढून घेतले, घडी घातली आणि खिशात ठेवले.

मीना सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. तिकडे पावसाळ्याच्या तोंडाशी धान्य सरले की बायका रानातून कडू कंद खणून आणतात. तो तसाच खाल्ला तर माणूस आडवा होतो. म्हणून त्याचे पातळ काप करायचे, राख घालून उकळायचे आणि टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहळात ठेवायचे. कोणत्या टप्प्यावर किती विष उतरते, हे मीनाने दोन वर्षे मोजले होते. तिची आई चिमणाबाई जे हाताने जाणत होती, ते मुलीने आकड्यांत मांडले. बंगळूरच्या एका संस्थेने घराण्यात पहिल्यांदाच विज्ञान शिकणाऱ्या, दुर्गम भागातल्या विद्यार्थ्यांसाठी परिषदेला येण्याजाण्याचा खर्च देऊ केला होता. साऱ्या देशातून बाराजण निवडले गेले आणि त्यांत मीना एक होती. ते पत्र आले त्या दिवशी बहिरूने स्वतःच्या पैशाने अख्ख्या विभागाला चहा पाजला होता.

आणि आता त्याच्या खिशात हे दुसरे पत्र होते. सही खरी होती, यात शंकाच नव्हती. ती कशी आली हे बहिरूइतके कोणालाच ठाऊक नव्हते. बारा वर्षांपूर्वी हिरामण नावाचा एक हुशार मुलगा भाताच्या लावणीला गावी गेला, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करायला शेवटच्या तारखेला पोहोचू शकला नाही, आणि त्याचे शिक्षण तिथेच थांबले. पुढे तो ओझरला कंत्राटी हमाली करताना बहिरूला दिसला. त्या दिवसापासून बहिरूने एक प्रथा पाडली. जूनमध्ये डोंगराकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून तो दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेई. सही कुठे करायची ते कळावे म्हणून पेन्सिलीने फुली करी, एखादा कागद खराब झाला तर असावा म्हणून दुसरा घेई, आणि सगळा गठ्ठा विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवी. बारा वर्षांत एकाचीही शिष्यवृत्ती बुडाली नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्या एका कामाचा त्याने मनोमन अभिमान धरला, ते हेच काम.

तो गच्चीवर गेला.

"मीना, तुला कावीळ झालीय म्हणं."

"मला?" ती हसली. "डोळे बघा की मामा, दुधावानी पांढरे."

त्याने पत्र पुढे केले. तिने ते एकदा वाचले, मग पुन्हा वाचले. "सही माझी हाय," ती सावकाश म्हणाली. "पण हे मी नाय लिवलं."

"जूनमदी कागद आणला व्हता मी. शिष्यवृत्तीसाठी म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिले. काप तसेच उन्हात टाकून ती जिना उतरू लागली.

विभागप्रमुख डॉ. दिनेश निकम चहा घेत होते. त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटले नाही, आणि बहिरूला त्याचाच अधिक संताप आला. लबाडी उघडी पडली तर माणसाने निदान दचकावे, एवढी अपेक्षा तो बाळगून आला होता.

"बस, मीना. रागावू नकोस, तुझ्या भल्याचंच सांगतो," निकम म्हणाले. "तिथं उलटसुलट प्रश्न विचारतात, तेही इंग्रजीतून. तू अडखळलीस तर हसं कॉलेजचं होईल. स्नेहल कॉन्व्हेंटची मुलगी. पेपरवर तुझं नाव आहेच की, दुसरं."

"पयलं व्हतं, सर."

"क्रमाचं काय एवढं घेऊन बसलीस?"

"क्रमाचं काय नसंल तर माझं पयलंच राहू द्या."

निकमांनी कप बशीवर ठेवला. स्नेहल हे महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या एका विश्वस्ताची कन्या होती. ही गोष्ट त्या खोलीत कोणी उच्चारली नाही, कारण सगळ्यांना ती माहीत होती.

"सर," बहिरू म्हणाला, "हा कागद मी फाडणार."

"फाड," निकम शांतपणे म्हणाले. "कपाटात दुसरा आहे. तूच दोन-दोन घेतोस ना?"

बहिरूच्या हातातला कागद तसाच राहिला. कोणी त्याच्या थोबाडीत मारली असती तर ती त्याने सोसली असती. पण इथे त्याच्याच बारा वर्षांच्या सावधपणाने त्याला मारले होते. सव्वीस वर्षे त्याने या माणसासाठी दारे उघडली, डबे आणले, त्याच्या परदेशी पाहुण्यांना रानातली झाडे दाखवली. त्या झाडांची नावे निकमांच्या लेखांत गेली. त्याचे त्याला कधी वाईट वाटले नव्हते. आज त्या प्रत्येक नावाचे वाईट वाटले.

"चला प्राचार्यांकडं," तो म्हणाला. निकमांना तो आयुष्यात प्रथमच काही करायला सांगत होता.

प्राचार्यांनी सगळ्यांना उभे ठेवले, पत्र टेबलावर ठेवायला लावले आणि स्नेहललाही बोलावून घेतले. निकमांनी सांगितले की काम दोघींनी मिळून केले आहे. तेव्हा मीना स्नेहलकडे वळली.

"स्नेहल, काप उकळताना राख कुठल्या लाकडाची घालायची?"

स्नेहलची मान खाली गेली. "मला सर म्हणाले, फक्त वाचून यायचं," ती पुटपुटली. "तुला खरंच कावीळ झालीय, असंच सांगितलं होतं मला."

"सादड्याची," मीना प्राचार्यांना म्हणाली. "दुसरी घातली तर कडूपण ऱ्हातं, आन खाणाऱ्याला उलट्या व्हतात. तिथं कुणी विचारलं तर ही काय सांगल?"

"राखेचा प्रश्न तिथल्या लोकांचा," प्राचार्य म्हणाले. "माझ्यापुढे प्रश्न सहीचा आहे. ही सही तुझी?"

"सही माझी. मजकूर माझा नाय. कागद कोरा व्हता."

"याला पुरावा?"

"मी," बहिरू म्हणाला. "कागद मी नेला व्हता सायेब. फुली माझी हाय. लिहून देतो."

प्राचार्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "विद्यार्थ्यांच्या कोऱ्या कागदांवर सह्या घेणं हा गंभीर गैरप्रकार आहे, कळतं का तुला? लिहून दिलंस तर पहिली कारवाई तुझ्यावर होईल. निवृत्तीला किती राहिलं?"

"तीन वरसं."

"मग विचार कर."

"केला," बहिरू म्हणाला, आणि टेबलावरचा कागद ओढून उभ्यानेच लिहू लागला. बाळबोध अक्षर, एकेका शब्दाला वेळ लागत होता. आपण कोणत्या महिन्यात, कोणाकोणाच्या, किती सह्या घेतल्या आणि त्या कोणाच्या कपाटात ठेवल्या, हे सारे त्याने लिहिले. मीना थविल हिला कोणताही आजार नाही, हेही लिहिले. मग खाली सही केली. मजकुराच्या खाली सही करण्याची ती त्या विभागातली गेल्या बारा वर्षांतली पहिलीच वेळ असावी.

प्राचार्यांनी तो जबाब वाचला आणि घडी घालून 'गावित, सेवापुस्तक' असे लिहिलेल्या धारिकेत ठेवला. "हा तुझ्या चौकशीला उपयोगी पडेल," ते म्हणाले. मग त्यांनी मीनाचे पत्र उचलले. "सही खरी आहे, हे तिघांनीही मान्य केलं. सही खरी म्हणजे पत्र खरं. निकम, फॅक्स पाठवून द्या."

"सायेब, ही पोरगी तुमच्यापुढं धडधाकट उभी हाय," बहिरू म्हणाला. त्याचा आवाज दारापाशी उभ्या असलेल्या शिपायांनीही ऐकला. "कावीळ तुमच्या कागदाला झालीय."

"बाहेर हो," प्राचार्य म्हणाले.

मीना आधीच बाहेर पडली होती. बहिरूने तिला फाटकापाशी गाठले, तेव्हा ती दप्तरातून अनुदानाचे मूळ पत्र काढून त्यावरचा दूरध्वनी क्रमांक हाताच्या तळव्यावर लिहीत होती.

"द्वारका चौकातल्या बूथवरनं बंगळूरला फोन लावते," ती म्हणाली. "त्यांनला माझा आवाज तर ऐकू दे. इंग्रजी येतंय का नाय, तेबी कळंल."

"चल, मीबी येतो. मी सांगतो त्यांनला, कागद कसा आला त्ये."

"नका येऊ, मामा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने पेनाचे टोपण लावले, दप्तर खांद्यावर घेतले आणि त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "चोरी सरांनी केली. पण कोऱ्या कागदावर सही करायला मला तुमी शिकवलं. गुन्हा तुमचाबी हाय."