उंबऱ्यावरचं मुंडासं

वलवणच्या धरणावरच्या डोंगरात जी वाडी आहे, तिथे कान्हू कारभाऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दारूबंदी सरकारने आणली, पण वाडीत ती पाळायला लावली कान्हूने. मोहाच्या दारूचा वास आला की तो मडकं फोडायचा, मग ते मेहुण्याचं असो की व्याह्याचं.

पोटच्या पोराने, शिदूने, स्वतःच्या लग्नासाठी रानात भट्टी लावली, तेव्हा मात्र तो मडकं फोडून थांबला नाही. "लेकाला एक आन् लोकांला एक, असला न्याव आपल्याकडं न्हाई," म्हणाला आणि पोलिसांना वर घेऊन आला. शिदू तीन महिने आत गेला. ठरलेली सोयरीक मोडली. सुटून आल्यावर त्याने वाडीच्या दुसऱ्या टोकाला झोपडं बांधलं, पुढे दुसरीकडे लग्न करून संसारही थाटला, पण बापाच्या घरचं पाणी घेतलं नाही. नात चिंगी चालायला लागली, तीही कान्हूने लांबूनच पाहिली.

पुढे काही वर्षांनी सरकारचंच मत बदललं. लोणावळ्यात देशी दारूचं परवान्याचं दुकान निघालं. दारावर कर्णा, त्यावर दिवसभर सिनेमाची गाणी. कानावर केस वाढवलेली, पोत्याएवढ्या पँटी घातलेली पोरं तिथे राजरोस बसू लागली. बाजाराला गेलेल्या कान्हूने ते पाहिलं. पोरांना, गाण्यांना, कलियुगाला शिव्या घालून झाल्या आणि मग त्याला भलतंच सुचलं.

तो वडगावला कोर्टात गेला. कारकुनाला म्हणाला, "त्यो गुन्हा आता गुन्हा न्हाई. मंग माज्या पोराचं तीन म्हयनं परत द्या."

कारकून सज्जन होता, हसला नाही. "आबा, झालेली शिक्षा परत मिळत नाही. आणि परवाना दुकानाला आहे. घरी गाळली तर आजही गुन्हाच."

"म्हंजी दारू वाईट न्हाई, आमची मडकी वाईट?"

कारकुनाने पुढच्या माणसाला बोलावलं.

वाडीची एक रीत आहे. कारभाऱ्याचा निवाडा चुकला, तर ज्याला शिक्षा झाली त्याच्या उंबऱ्यावर कारभाऱ्याने आपलं मुंडासं ठेवायचं. हे होताना कुणी पाहिलेलं नव्हतं. कारभारी चुकतात थोडेच!

कान्हू परतला तो थेट शिदूच्या दारात. मुंडासं काढून उंबऱ्यावर ठेवलं. बोडक्या डोक्याने तो एकदम म्हातारा दिसला.

"दारू वाईटच," तो म्हणाला. "त्ये मी मागं घेनार न्हाई. पर एकाला जेल आन् एकाला परवाना, ह्यो न्याव न्हाई. माजा निवाडा चुकला."

शिदू मुंडाशाकडे बघत राहिला. "बा, जेलचं मला काय न्हाई वाटलं. दिस गेलं. पर त्या दिशी पोलिसांम्होरं तू चालत व्हतास. भट्टीकडची ती रानवाट आपल्या दोघांलाच ठावी व्हती. तूच मला दावली व्हतीस, ल्हानपनी."

याला कोर्टात कलम नव्हतं आणि वाडीत रीत नव्हती. कान्हू तिथेच खाली बसला आणि रडला.

चिंगी दारातून बघत होती. शिदूने मुंडासं उचललं, झटकलं, पण बापाच्या हाती दिलं नाही. आत नेऊन आपल्या खुंटीला अडकवलं.

"हितंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "उद्या येऊन घेऊन जा. जेवायच्या टायमाला."

कान्हू अख्ख्या वाडीतून बोडका घरी गेला. लोक बघत होते. त्याने कुणापासून तोंड लपवलं नाही.